अभ्यासिकेच्या वाय-फायवर काय अडवता येतं, काय नाही, आणि का

नवीपेठ९०
पुण्यात नवी पेठेत ९० खुर्च्यांची अभ्यासिका आहे, दोन मजले. २०० एमबीपीएसचं फायबर, मायक्रोटिकचा राउटर आणि मजल्याला एक असे वाय-फाय पसरवणारे दोन ॲक्सेस पॉइंट. बसणारे बहुतेक राज्यसेवा आणि संयुक्त परीक्षेचे. रील्स, गेम, सट्ट्याची ॲप आणि अश्लील साइट बंद हव्या आहेत. यूट्यूबवरची लेक्चर, टेलिग्रामवरच्या नोट्स, आयोगाची साइट, बँका हे चालू राहायला हवं. राउटरमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) रकान्यात १.१.१.३ टाकलं. निम्म्या फोनवर अश्लील साइट बंद झाल्या, निम्म्यावर नाहीत, आणि इन्स्टाग्राम तर सगळीकडे सुरूच आहे. नेमकं कुठे अडतं आणि कुठून निसटतं हे आधी समजून घ्यायचं आहे. तयार फिल्टरची पेटी विकत घ्यायची घाई नाही.

निळी_वायर
इन्स्टाग्रामचं उत्तर सोपं आहे. १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअरचा कुटुंबांसाठीचा डीएनएस. मालवेअर आणि अश्लील साइट या दोनच प्रकारची नावं तो अडवतो. इन्स्टाग्राम, गेम, सट्टा त्याच्या यादीत नाहीतच. त्यासाठी स्वतःची यादी लागते.

आता मूळ प्रश्न. फोनवर साइट उघडली की आधी फोन डीएनएसला नाव विचारतो. हा प्रश्न ५३ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे वाहतूक कुठल्या कामाची ते सांगणारा क्रमांक), साध्या अक्षरांत जातो, वाटेतल्या कुणालाही वाचता येतो. उत्तरात आयपी पत्ता येतो. मग फोन त्या पत्त्याच्या ४४३ पोर्टला जोडणी मागतो. जोडणी झाली की पहिला निरोप पाठवतो, ज्याला क्लायंट हेलो म्हणतात. त्यात साइटचं नाव पुन्हा एकदा उघड्यावर लिहिलेलं असतं, हे एसएनआय. त्यानंतरचं सगळं कुलूपबंद.

म्हणजे तुमच्या राउटरला दोनदा नाव दिसतं, एकदा पत्ता दिसतो, आणि किती डेटा किती वाजता गेला एवढं कळतं. पानाचा पूर्ण पत्ता, शोधलेले शब्द, व्हिडिओचं शीर्षक यातलं काहीही दिसत नाही. फिल्टर कितीही महाग असला तरी जोडणीचं कुलूप उघडल्याशिवाय त्याच्या हातात एवढंच येतं.

म्हणून काही मागण्या नेटवर्कवर पुऱ्याच होऊ शकत नाहीत. यूट्यूबचे शॉर्ट्स बंद आणि लेक्चर चालू, हे होत नाही. दोन्हींचा व्हिडिओ गूगलव्हिडिओ डॉट कॉम या एकाच नावाखालून येतो. तसंच इन्स्टाग्रामचे मेसेज चालू आणि रील्स बंद हेही नाही. नाव अडवायचं किंवा सोडायचं, मधलं काही नाही.

इन्स्टाग्राम उघडल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत डीएनएसच्या नोंदीत साधारण अशा ओळी उमटतात:

आय डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम
ग्राफ डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम
स्कॉन्टेंट (पुढे बरीच अक्षरं आणि आकडे) डॉट सीडीएनइन्स्टाग्राम डॉट कॉम

शेवटच्या ओळीतली अक्षरं जागेनुसार बदलतात, म्हणून एकेक नाव टिपून उपयोग नाही. इन्स्टाग्राम डॉट कॉम आणि सीडीएनइन्स्टाग्राम डॉट कॉम ही दोन मूळ नावं त्यांच्या सगळ्या उपनावांसकट अडवायची. एफबीसीडीएन डॉट नेट फेसबुकचंही आहे. फेसबुक चालू ठेवायचं असेल तर त्याला हात लावू नका. व्हॉट्सॲपची नावं वेगळी आहेत, त्याला धक्का लागत नाही.

मुळाकाठ
निम्मे फोन का सुटले, ते शोधू. तीन जागा तपासा, याच क्रमाने.

डीएचसीपीत, म्हणजे राउटर फोनला पत्ते वाटतो त्या मांडणीत, डीएनएसचे किती पत्ते दिलेत? पहिला १.१.१.३ आणि दुसरा ८.८.८.८ असेल तर तो फिल्टर नाही. लोकांना वाटतं दुसरा पत्ता पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो. तसं नाही. फोन दोघांपैकी कुणालाही विचारतो, काही तर दोघांनाही एकदम विचारून आधी येईल ते उत्तर घेतात. दोन्ही पत्ते फिल्टरवालेच हवेत, म्हणजे १.१.१.३ आणि १.०.०.३, नाहीतर एकच द्या.

दुसरं, आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४. आयपीव्ही४ वर तुम्ही सगळं नीट केलंत, पण इंटरनेट कंपनीच्या पेटीतून फोनला आयपीव्ही६ चा पत्ता आणि त्याच्यासोबत कंपनीचा डीएनएसही मिळतोय. फोन तिकडेच विचारतो, तुमच्या रकान्याशी त्याचा संबंध उरत नाही.

तिसरं, अँड्रॉइड ९ पासून असलेलं प्रायव्हेट डीएनएस. यात फोन डीएनएसचा प्रश्न कुलूपबंद करून ८५३ पोर्टवरून विचारतो. ते 'ऑटोमॅटिक'वर असेल तर काळजी नाही, ८५३ पोर्ट बंद दिसला की फोन मुकाट ५३ वर येतो. पण कुणी स्वतः नाव टाकलेलं असेल तर फोन मागे येत नाही. ८५३ उघडा ठेवला तर फिल्टर चुकवून जातो, बंद केला तर त्या फोनला इंटरनेटच मिळत नाही. 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही' असा इशारा येतो आणि बसणारा तुमच्याकडे वाय-फायची तक्रार घेऊन येतो. एक ओळ फलकावर लावा: या वाय-फायवर प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

अजून एक करा. सुटलेल्या फोनवर वाय-फायच्या नावाला दाबून त्याला कुठला आयपी पत्ता मिळालाय तो बघा. अडलेल्या फोनवरही बघा. दोन्ही इथे लिहा.

नवीपेठ९०
अडलेले फोन १९२.१६८.१०.कायतरी. सुटलेले सगळे १९२.१६८.१.कायतरी. आणि सुटलेले सगळे वरच्या मजल्यावरचे.

मुळाकाठ
मग वरच्या ॲक्सेस पॉइंटची केबल मायक्रोटिकमध्ये नाही, थेट फायबरच्या पेटीत खोचलेली आहे. वरचे फोन पेटीकडूनच पत्ता आणि डीएनएस घेतात, तुमचा राउटर त्यांच्या वाटेतच येत नाही. ती केबल काढून मायक्रोटिकच्या पोर्टमध्ये लावा. फायबरच्या पेटीतून बाहेर फक्त एकच तार निघायला हवी, मायक्रोटिककडे जाणारी. पेटीचं स्वतःचं वाय-फायही बंद करा. त्याचा पासवर्ड बहुतेक वेळा पेटीच्या पाठीवरच छापलेला असतो.

कुठलाही फिल्टर बसवताना पहिली तपासणी हीच करावी. नियम लिहिण्याआधी सगळी वाहतूक त्याच दारातून जाते ना, हे बघावं.

नवीपेठ९०
केबल हलवली. आता दोन्ही मजल्यांवर १.१.१.३ लागू झालं. मायक्रोटिकवर आयपीव्ही६ चं नेबर डिस्कव्हरी (फोनला त्या पद्धतीचा पत्ता मिळवून देणारी सोय) लॅनपुरतं, म्हणजे आतल्या नेटवर्कपुरतं, बंद केलं. आता स्वतःची यादी हवी. जुना पीसी आहे, ४ जीबी रॅमचा. त्यावर होईल का? दुपारच्या जेवणाच्या वेळी तासभर सगळं मोकळं सोडता येईल का?

निळी_वायर
पीसी चालेल, पण तो दिवसभर बरीच वीज खाईल. त्यापेक्षा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसतं 'पाय') स्वस्त पडेल. २ जीबीचा पुरतो. मेमरी कार्डाऐवजी यूएसबीवर छोटी एसएसडी लावा. नोंदी सतत लिहिल्या जातात, त्यात मध्येच वीज गेली की कार्ड खराब होतं. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला चार्जर घ्या, मोबाइलचा जुना नको. हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं.

त्यावर ॲडगार्ड होम टाका, म्हणजे यादीतली नावं अडवणारा स्वतःचा डीएनएस. पाय-होलही चांगलं आहे, पण ॲडगार्ड होममध्ये 'ब्लॉक्ड सर्व्हिसेस' असा तयार रकाना आहे. इन्स्टाग्राम, गेम वगैरेंवर खूण केली की त्यांची नावं तोच सांभाळतो. त्याच रकान्यात वेळापत्रक आहे, रोज दुपारी १:३० ते २:३० बंदी उठवायची तर ते तिथेच लिहायचं. सट्ट्याच्या साइटसाठी वेगळी यादी जोडावी लागते. ती वेळापत्रकात येत नाही आणि यावीही असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर ब्राउझरमध्ये ३००० पोर्टवर मांडणीचं पान उघडतं. जुन्या पीसीवर उबंटू असेल तर इथेच पहिली अडचण येते. ५३ पोर्ट आधीच व्यापलेला आहे, असं तो म्हणतो. उबंटूची स्वतःची नावं शोधणारी सेवा तिथे बसलेली असते. तिच्या मांडणीत डीएनएस स्टब लिसनर 'नो' करून ती पुन्हा सुरू करा.

आता ज्या दोन चुका जवळजवळ सगळीकडे होतात त्या सविस्तर लिहितो.

डीएचसीपीतून फोनला डीएनएस म्हणून पायचा पत्ता द्या, राउटरचा नको. राउटरचा दिलात तर सगळ्या फोनचे प्रश्न राउटर गोळा करतो आणि स्वतःच्या नावाने पायला विचारतो. पायला वाटतं एकच ग्राहक आहे. ॲडगार्ड होममध्ये एका ग्राहकाला सेकंदाला २० प्रश्नांची मर्यादा मुळात ठरवलेली असते. नव्वद फोनचे प्रश्न एकाच नावाने आले की ती पहिल्या मिनिटात संपते, आणि जास्तीचे प्रश्न तो सरळ टाकून देतो. लक्षण ओळखायचं असं: सकाळी सहाला सगळं सुरळीत, गर्दी झाली की साइट कधी उघडते कधी नाही, स्पीड टेस्ट मात्र उत्तम. पायचा पत्ता थेट दिलात तरी नवीन आवृत्तीत ही मर्यादा अख्ख्या २४ बिटांच्या सबनेटला (पहिले तीन आकडे सारखे असलेल्या पत्त्यांच्या गटाला) मिळून मोजली जाते, एकेका फोनला नाही. म्हणून ती ० करा. पाय तुमच्या लॅनबाहेरून कुणाला दिसत नसेल तर त्यात धोका नाही.

दुसरी चूक वळवण्याची. कुणी फोनमध्ये स्वतः ८.८.८.८ टाकलं तर तो प्रश्न पायकडे वळवायला हवा. त्यासाठी मायक्रोटिकच्या नॅटमध्ये (पाकिटावरचा पत्ता बदलणाऱ्या भागात) नियम लिहायचा: लॅनवरून येणारं, पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धती, पायच्या पत्त्यावर वळवा. पाय स्वतः बाहेर विचारतो ते यातून वगळा, नाहीतर त्याचे प्रश्न फिरून त्याच्याकडेच येतील. एवढं करूनही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पाय आणि फोन एकाच सबनेटमध्ये असतील तर प्रश्न राउटरमार्गे पायकडे जातो, पण उत्तर राउटरला टाळून थेट फोनकडे जातं. फोनने विचारलं होतं ८.८.८.८ ला, उत्तर आलं १९२.१६८.१०.२ कडून. फोन ते फेकून देतो. लोक यावर मास्करेडचा नियम लावतात, म्हणजे प्रश्नावर राउटर स्वतःचा पत्ता घालतो. त्याने चालतं, पण मग सगळे प्रश्न पुन्हा राउटरच्या नावाने जातात. त्यापेक्षा पायला मायक्रोटिकच्या वेगळ्या पोर्टवर, वेगळ्या सबनेटमध्ये बसवा, समजा १९२.१६८.२०.२. मग जाणं-येणं दोन्ही राउटरमधूनच होतं आणि हा घोळच उरत नाही.

अडवलेल्या नावाला उत्तर काय द्यायचं, तेही ठरवा. ०.०.०.० द्या. जोडणी लगेच फसते आणि ॲप गप्प बसतं. 'ही साइट बंद आहे' असं पान दाखवायचा मोह होतो, पण आज जवळपास सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर आहे. तुमचं पान दुसऱ्याच्या नावाचं प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारा दाखला) दाखवू शकत नाही, म्हणून बसणाऱ्याला पानाऐवजी लाल इशारा दिसतो. तो बघून घाबरून फोन येतात.

उंबरठा
अभ्यासिकेत बसणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. रील्स बंद करायला आमची हरकत नाही, कित्येकांना ते हवंच आहे. पण काय बंद आहे हे लिहून लावा. यादी ठाऊक नसेल तर मुलं प्रत्येक न उघडणाऱ्या लिंकसाठी वाय-फायला दोष देतात आणि मोबाइल डेटावर जातात. तिथे तुमचा फिल्टर नाहीच.

आणि तयार याद्या आंधळेपणाने जोडू नका. नोट्सच्या लिंक बऱ्याचदा बिट डॉट एलवाय सारख्या आखूड पत्त्यांवरून येतात. मोठ्या जाहिरात-विरोधी याद्यांत अशी आखूड पत्त्यांची नावं सापडतात. क्लासच्या ॲपमधली 'लेक्चर उघडा' ही लिंक ॲप डॉट लिंक या नावावरून फिरून येत असेल आणि ते यादीत असेल, तर लेक्चर उघडतच नाही. गूगलवर शोधल्यावर वरचे दोन-तीन निकाल जाहिरातीचे असतात, तेही दाबल्यावर मरतात.

एक प्रश्नही आहे. पाय सांभाळणाऱ्या माणसाला मी काय वाचते ते दिसतं का?

निळी_वायर
दिसतं, नावापुरतं. कुठल्या फोनने किती वाजता कुठल्या साइटचं नाव विचारलं, हे नोंदीत राहतं. पान दिसत नाही, पण नावही पुष्कळ सांगतं. एखाद्या आजाराची, कर्जाची किंवा लग्नाची साइट नुसत्या नावावरून कळते. म्हणून ॲडगार्ड होमच्या मांडणीत ग्राहकाचा आयपी झाकण्याची खूण चालू करा आणि नोंदी ठेवण्याची मुदत २४ तासांवर आणा. साइट का अडली हे शोधायला तेवढं पुरतं. तक्रार आली की त्या मुलीला समोर पुन्हा उघडायला सांगायचं आणि चालू नोंदीत बघायचं. कालपरवाची नोंद चाळायची गरज पडत नाही. फलकावर बंदीच्या यादीखाली हेही लिहा की साइटची नावं २४ तास राहतात, फोनचा पत्ता झाकलेला असतो.

याद्यांबद्दल उंबरठाताईंचं बरोबर आहे. सुरुवात 'ब्लॉक्ड सर्व्हिसेस' आणि सट्ट्याची एक यादी एवढ्यावरच करा, अश्लील साइटसाठी पायचा वरचा डीएनएस, म्हणजे पाय स्वतः पुढे ज्याला विचारतो तो, १.१.१.३ ठेवा. जाहिरात-विरोधी यादी हा वेगळा विषय आहे, ती घाईने नको. कनेक्टिव्हिटीचेक डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम आणि कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम ही दोन नावं कायम मोकळी सोडा. इंटरनेट आहे का हे फोन त्यांनाच विचारून ठरवतो. ती अडली तर 'इंटरनेट नाही' असं म्हणून तो स्वतःच मोबाइल डेटावर उडी मारतो.

वारजे७७
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा प्रत्येक फोनवर एक प्रमाणपत्र टाकायला सांगा आणि प्रॉक्सीने (फोन आणि साइटच्या मध्ये बसणाऱ्या सर्व्हरने) एचटीटीपीएस उघडून बघा. मग शॉर्ट्सचा पत्ता वेगळा ओळखता येतो, शब्दांवरूनही अडवता येतं. कंपन्यांत हेच करतात.

मुळाकाठ
कंपनीत यंत्र कंपनीचं असतं, हा मोठा फरक आहे. इथे फोन बसणाऱ्याचा आहे.

तंत्र म्हणून सांगायचं तर: प्रॉक्सी मध्ये बसून फोनला खोटं प्रमाणपत्र दाखवते, आणि फोनने ते मानावं म्हणून तिचं मूळ प्रमाणपत्र फोनमध्ये घालावं लागतं. अँड्रॉइड ७ पासून, वापरणाऱ्याने घातलेली प्रमाणपत्रं ॲप मुळात मानतच नाहीत, ॲप बनवणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिली तरच. ब्राउझर मानेल, यूट्यूबचं ॲप मानणार नाही. म्हणजे जिथे शॉर्ट्स बघितले जातात तिथेच तुमची प्रॉक्सी निकामी ठरते. बँकांची आणि यूपीआयची ॲप आणखी कडक असतात, ती नुसती बंद पडतात. मग त्यांना वगळायची यादी, ती रोज वाढणार. आणि जे उघडेल त्यात पासवर्ड, खासगी निरोप, फॉर्ममधला आधार क्रमांक हे सगळं तुमच्या पेटीत उघडं होतं. ती पेटी कुणी फोडली तर ९० जणांचं एकदम जातं. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फोनवर हे करू नये. सोय-गैरसोयीचा हिशेबच इथे लागू होत नाही.

शब्दांवरून अडवणं ही जुनी कल्पना. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात इंग्रजी शिवीची चार अक्षरं होती. आपल्याकडे शब्दांची यादी लावली तर स्तनपान, लैंगिक शिक्षण, लिंग गुणोत्तर हे शब्द पहिल्या दिवशी अडतील. यातले निम्मे थेट अभ्यासक्रमात आहेत.

नवीपेठ९०
प्रमाणपत्राचा विचार सोडला. पाय बसवला, वेगळ्या सबनेटवर. इन्स्टाग्राम बंद झालं. पण काही फोनवर फायरफॉक्समध्ये अजून चालतं, आणि दोन आयफोनवर सगळंच चालतं. क्रोममध्ये मात्र व्यवस्थित अडतं.

मुळाकाठ
हे कुलूपबंद डीएनएसचे प्रकार. ८५३ पोर्टवरचा तुम्ही बंद करू शकता, पण डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ४४३ वरून, साध्या साइटसारखाच जातो. पोर्ट बघून तो वेगळा काढता येत नाही.

क्रोम सहसा सभ्यपणे वागतो. राउटरने दिलेला डीएनएस त्याच्या ओळखीच्या यादीतला असेल तरच तो त्या कंपनीच्या कुलूपबंद सेवेकडे जातो. तुमचा १९२.१६८.२०.२ त्याच्या यादीत असणं शक्य नाही, म्हणून तो साध्या वाटेनेच विचारतो. फायरफॉक्स स्वतःहून कुलूपबंद डीएनएस लावण्याआधी यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट हे नाव विचारून बघतो. 'असं नाव नाही' असं उत्तर मिळालं तर तो बाजूला होतो. पण कुणी मांडणीत जाऊन स्वतः ते चालू केलं असेल तर या खुणेला तो जुमानत नाही. त्यासाठी कुलूपबंद डीएनएस देणाऱ्यांच्या नावांची यादी पायमध्ये जोडा आणि ८.८.८.८, ८.८.४.४, १.१.१.१, १.०.०.१, ९.९.९.९ या पत्त्यांचा ४४३ पोर्ट मायक्रोटिकवर बंद करा. पायची वाट त्यातून वगळायला विसरू नका.

आयफोनवर बहुधा आयक्लाउड प्रायव्हेट रिले (साइटची नावं वाटेतल्या नेटवर्कपासून लपवणारी ॲपलची सोय) चालू आहे. मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम आणि मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम या दोन नावांना 'नाही' असं उत्तर द्या, ०.०.०.० नको. ॲपलने नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी हीच पद्धत सांगितलेली आहे. फोन मग वापरणाऱ्याला सांगतो की या वाय-फायवर रिले चालत नाही, आणि बंद करून पुढे जायचं का ते विचारतो.

बंद करताना मायक्रोटिकच्या नियमात 'ड्रॉप' न लिहिता 'रिजेक्ट' लिहा. ड्रॉपमध्ये राउटर उत्तरच देत नाही, फोन वाट बघत राहतो आणि बसणाऱ्याला नेट मंद वाटतं. रिजेक्टमध्ये नकार लगेच कळतो आणि फोन दुसरी वाट धरतो.

आणखी एक. नियम बदलल्यावर लगेच तपासून 'चालत नाही' असं ठरवू नका. आधी मिळालेलं उत्तर फोन काही वेळ जपून ठेवतो, आणि सुरू असलेली जोडणी तर डीएनएसला विचारतच नाही. विमान मोड चालू करून बंद करा, ॲप पूर्ण बंद करा, मग तपासा.

वारजे७७
डीएनएस चुकवला तर एसएनआय आहे ना? मायक्रोटिकमध्ये टीएलएस होस्ट नावाचा रकाना आहे. नाव तिथेच पकडू.

मुळाकाठ
दुसरी फळी म्हणून ठेवा, भरवसा ठेवू नका. तीन कारणं आहेत.

यूट्यूब, इन्स्टाग्राम, गूगल हे सगळे क्विकवर बोलतात, म्हणजे यूडीपी ४४३ वर. तो रकाना टीसीपीतलाच हेलो वाचतो. म्हणून यूडीपी ४४३ रिजेक्ट करा, ॲप टीसीपीवर येतात. लेक्चर सुरू व्हायला किंचित उशीर होतो, बाकी फरक पडत नाही.

दुसरं कारण नवं आहे आणि बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २०२४ पासून ब्राउझरांनी क्वांटम संगणकाला तोंड देणारी किल्ली हेलोमध्ये घालायला सुरुवात केली. ती एकटीच १,२१६ बाइटची. इथरनेटच्या पाकिटात १,५०० बाइट मावतात, बाकी मजकूर धरला की हेलो दोन पाकिटांत फुटतो. नाव दुसऱ्या पाकिटात गेलं आणि फिल्टर फक्त पहिलंच वाचत असेल, तर नियम लागतच नाही. एकाच फोनवर कधी अडतं आणि कधी सुटतं याचं कारण अनेकदा हे असतं.

तिसरं, ईसीएच. यात हेलोमधलं खरं नावही कुलूपबंद होतं आणि बाहेर दुसरंच सामाईक नाव दिसतं. पण त्याची किल्ली डीएनएसमधूनच येते, ६५ नंबरच्या प्रकारच्या नोंदीत. म्हणजे डीएनएस तुमच्या ताब्यात असेल तर याही दाराची किल्ली तुमच्याकडे राहते. म्हणून डीएनएसची बाजू पक्की करण्यावर एवढा जोर देतोय.

पत्त्यावरून अडवण्याचं मात्र मनातही आणू नका. क्लाउडफ्लेअरच्या एका आयपीमागे हजारो साइट असू शकतात, त्यात एखादी शिष्यवृत्तीची साइटही असेल. अपवाद टेलिग्राम. त्याच्या ॲपमध्ये सर्व्हरचे पत्ते आतच लिहिलेले असतात, तो डीएनएसला विचारत नाही. १४९.१५४.१६०.०/२० हा त्याचाच पट्टा. तुम्हाला ते चालूच ठेवायचंय, पण उद्या कुणी म्हणालं की यादीत टाकूनही टेलिग्राम बंद होत नाही, तर कारण हे.

व्हीपीएनचं सरळ सांगतो. वायरगार्डचा ५१८२० आणि ओपनव्हीपीएनचा ११९४ बंद करता येईल, बरेच हौशी तिथेच थांबतील. पण ४४३ वर टीसीपीने जाणारा व्हीपीएन साध्या साइटसारखाच दिसतो. त्याच्या मागे धावू नका, त्यात चांगल्या साइट मोडतात.

सिंहगड_लॅब
फॉर्म भरायला अभ्यासिकेत एखादा सामाईक संगणक असेल तर त्याला उलटा नियम लावा: सगळं बंद, यादीतलं तेवढं चालू. एमपीएससी ऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट इन एवढंच सोडलंत तर पहिलं पान उघडेल आणि फॉर्म शेवटच्या पायरीवर अडकेल. पान स्वतः आणखी दहा-बारा नावांवरून काहीबाही मागवतं. रोबोट नसल्याची खूण करायचा चौकोन गूगल आणि जीस्टॅटिककडून येतो, अक्षरांचा टंक तिसरीकडून, आणि पैसे भरायला गेलं की पेमेंट गेटवे, मग बँक, मग बँकेचं ओटीपीचं पान, प्रत्येकाचं नाव वेगळं.

यादी अंदाजाने लिहू नये. त्या संगणकापुरता फिल्टर बंद करून ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कचा भाग उघडा आणि एक फॉर्म लॉगिनपासून पैसे भरायच्या पानापर्यंत न्या. उमटलेली सगळी नावं टिपून घ्या. नेटबँकिंग, कार्ड आणि यूपीआय या तिन्ही वाटांनी पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन बघा, नावं बदलतात. महाडीबीटीसाठी (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलसाठी) वेगळी फेरी करा. ही तपासणी शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी करा. शेवटच्या रात्री साइट मुळातच संथ असते, तेव्हा चूक फिल्टरची की सर्व्हरची हे कळत नाही.

नवीपेठ९०
जवळपास सगळं बसलं. दोन प्रश्न उरले. संध्याकाळी सातनंतर नवीन येणाऱ्यांना वाय-फाय जोडता येत नाही, 'आयपी मिळवत आहे' वर अडकतं. आणि रील्स बंद असूनही त्या वेळी लेक्चर थांबून थांबून चालतात.

निळी_वायर
पहिल्यात पत्ते संपलेत. २४ बिटांच्या सबनेटमध्ये राउटर सोडून २५३ पत्ते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) न दाखवता बनवलेला दाखवतात, नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की तो बदलूही शकतो. त्यात तुमच्याकडे दोन पाळ्या आणि माणशी फोन व लॅपटॉप. पत्ता २४ तास राखून ठेवलेला असेल तर सकाळी गेलेल्यांचेही अडून राहतात. डीएचसीपीची मुदत ३ तास करा. तरी कमी पडले तर सबनेट २३ बिटांचं करा, ५०९ पत्ते हाती येतात. त्याच कारणाने 'अमक्या फोनला सूट' असे मॅकवरचे नियम लिहू नका, टिकत नाहीत.

दुसरं फिल्टरचं कामच नाही. यूट्यूबच्या हिशेबाने ७२०पी ला २.५ एमबीपीएस लागतात, १०८०पी ला ५. साठ जण १०८०पी वर असतील तर ३०० झाले, तुमची लाइन २०० ची. ४८०पी ला १.१ पुरतात आणि फळ्यावरचं अक्षर त्यात नीट वाचता येतं. मायक्रोटिकच्या क्यूमध्ये (वेग वाटणाऱ्या भागात) पीसीक्यू, म्हणजे सगळ्या फोनमध्ये सारखा वेग वाटायची पद्धत, लावून दर फोनला ३ एमबीपीएसची कमाल मर्यादा घाला. यूट्यूब मग आपणच ७२०पी वर उतरतो. एवढी मर्यादा असली की एखाद्याने मोठी फाइल उतरवायला लावली तरी बाकीच्यांचं लेक्चर थांबत नाही.

नवीपेठ९०
दोन्ही झालं. शेवटचं: गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, आल्यावर नेट बंद. पाय चालू होता, पण कुठलंही नाव उघडेना. अर्ध्या तासाने हाताने वेळ लावल्यावर सुरू झालं. हे काय आहे?

निळी_वायर
पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की घड्याळ तिथेच थांबतं, आल्यावर तिथूनच पुढे चालू लागतं. तुम्ही वरचा डीएनएस कुलूपबंद लावलेला असणार किंवा डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरावरच्या सहीची तपासणी चालू असणार. दोन्हींत तारखा तपासल्या जातात. घड्याळ मागे असेल तर आजच काढलेलं प्रमाणपत्र किंवा सही 'अजून लागू नाही' म्हणून नाकारली जाते. मग बरोबर वेळ विचारायला पाय वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधतो, आणि नाव शोधणारा तो स्वतःच आहे. तिथे गाठ बसते.

ही गाठ मायक्रोटिकवरून सोडवा. त्याच्यात एनटीपी सर्व्हर (बरोबर वेळ सांगणारी सेवा) चालू करा आणि पायला वेळेसाठी राउटरचा आयपी आकड्यांत द्या, नाव नको. मायक्रोटिकलाही वेळेचा सर्व्हर आकड्यांतच द्या आणि त्याचा स्वतःचा डीएनएस पायकडे वळवू नका. तेवढं नको असेल तर डीएस३२३१ घड्याळाची छोटी पट्टी पायच्या पिनांवर बसते, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते.

फायबरची पेटी, मायक्रोटिक आणि पाय हे तिन्ही मिळून फार वीज खात नाहीत. राउटरसाठीचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेताना त्याला ५ व्होल्टचं वेगळं तोंड आहे ना आणि ते खरोखर ३ अँपिअर देतं ना, हे बघून घ्या. २ अँपिअरवर पाय चालू होतो, पण एसएसडी लावली की मधूनच पुन्हा सुरू होत राहतो.